फ्लॅनरी ओकॉनर: आजाराचे नाव कळल्यानंतरची बारा वर्षे

ल्युपस हा शब्द घरात पहिल्यांदा येतो तेव्हा नातेवाईक बहुधा दोन प्रश्न विचारतात. हा बरा होतो का? आणि पेशंटला हे सांगायचे का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर आज बरेच आशादायक आहे. ल्युपस मुळापासून जात नाही, पण योग्य औषधांनी तो वर्षानुवर्षे आटोक्यात राहू शकतो. दुसऱ्या प्रश्नासाठी एका अमेरिकन लेखिकेचे आयुष्य समजून घेण्यासारखे आहे. तिचे नाव फ्लॅनरी ओकॉनर. ती फक्त ३९ वर्षे जगली. त्यातली शेवटची जवळजवळ चौदा वर्षे ल्युपससोबत गेली आणि तिचे बहुतेक मोठे लेखन याच काळात झाले.

आधी थोडे आजाराबद्दल. आपली रोगप्रतिकारक शक्ती बाहेरून आलेल्या जंतूंशी लढते. ल्युपसमध्ये ती चुकून स्वतःच्याच शरीराविरुद्ध लढू लागते. सांधे दुखतात, अंगावर पुरळ येते, केस गळतात, ताप येतो, थकवा जात नाही. ही झाली बाहेर दिसणारी लक्षणे. पण हा आजार आतल्या अवयवांवरही जातो. मूत्रपिंडावर गेला तर लघवीतून प्रथिने वाहून जातात. हे अनेकांना माहीत असते. क्वचित तो आतड्यांवर जातो आणि तिथूनही प्रथिने गळतात. हे फार कमी जणांना माहीत असते. दोन्हींमध्ये पायावर आणि चेहऱ्यावर सूज येते. या सुजेकडे कसे पाहायचे, तेही फ्लॅनरीच्या गोष्टीतून पुढे पाहू.

वडिलांचा आजार

मेरी फ्लॅनरी ओकॉनरचा जन्म २५ मार्च १९२५ रोजी अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना शहरात झाला. एडवर्ड आणि रेजिना यांची ती एकुलती एक मुलगी. घर आयरिश वंशाचे आणि कॅथलिक. लहानपणापासून तिला पक्ष्यांचा नाद होता. तिच्याकडे एक कोंबडी होती, ती उलटी चालायची. ते चित्रित करायला बातमीपट काढणाऱ्या एका कंपनीची माणसे घरी आली होती. तेव्हा फ्लॅनरी जेमतेम पाच-सहा वर्षांची होती.

ती बारा-तेरा वर्षांची असताना वडील आजारी पडले. निदान झाले ल्युपस. त्या काळी या आजारावर परिणामकारक औषध नव्हते. स्टेरॉइड अजून आलेले नव्हते, मूत्रपिंड निकामी झाले तर डायलिसिस नव्हते. कुटुंब आईच्या माहेरच्या गावी, मिलेजव्हिलला आले. १ फेब्रुवारी १९४१ रोजी वडील वारले. त्यांचे वय ४५ होते आणि फ्लॅनरी पंधरा वर्षांची.

इथे पेशंट एक प्रश्न नक्की विचारतात: ल्युपस आनुवंशिक आहे का? आईवडिलांकडून थेट मुलाकडे जाणारा हा आजार नाही. ल्युपस असलेल्या बहुतेक पेशंटच्या मुलांना ल्युपस होत नाही. पण घरात कोणाला असेल तर इतरांपेक्षा धोका थोडा जास्त असतो. ल्युपसच्या दर दहा पेशंटमध्ये साधारण नऊ स्त्रिया असतात आणि आजार बहुधा तरुण वयात सुरू होतो. म्हणून डॉक्टरांना घरचा इतिहास सांगताना मधुमेह आणि रक्तदाबाबरोबर ल्युपस, आमवात, थायरॉइड यांचाही उल्लेख करावा.

घराबाहेरची वर्षे

फ्लॅनरीने मिलेजव्हिलच्याच महिला महाविद्यालयातून १९४५ मध्ये पदवी घेतली. तिथे ती व्यंगचित्रे काढायची. पुढे ती आयोवा विद्यापीठात गेली. पत्रकारिता शिकायला गेलेली ही मुलगी तिथल्या लेखन कार्यशाळेत दाखल झाली आणि १९४७ मध्ये तिने लेखनातली पदव्युत्तर पदवी मिळवली. १९४९ मध्ये ती कनेक्टिकट राज्यात रिजफिल्ड इथे सॅली आणि रॉबर्ट फिट्झगेराल्ड या दांपत्याच्या घरी राहू लागली. रॉबर्ट कवी आणि अनुवादक होते. फ्लॅनरी तिथे तिची पहिली कादंबरी लिहीत होती. मिलेजव्हिलला परत जायचा तिचा विचार नव्हता. लेखक म्हणून घरापासून दूर, उत्तरेतच राहायचे तिने ठरवले होते.

जड झालेले हात

१९५० च्या डिसेंबरमध्ये टाइप करताना तिचे हात जड वाटू लागले. खांदे दुखत होते, हात वर होत नव्हते. तिथल्या डॉक्टरांना हा आमवात असावा असे वाटले. घरी गेल्यावर नीट तपासणी करून घ्यायचे ठरले. नाताळसाठी ती रेल्वेने घरी निघाली आणि प्रवासातच तिची तब्येत फार बिघडली. घरी पोहोचली तेव्हा अंगात मोठा ताप होता. तिला दवाखान्यात दाखल करावे लागले.

पहिला अंदाज आमवाताचा होता, यात नवल नाही. सुरुवातीला दोन्ही आजार सारखेच दिसतात. दोन्हींत तरुण स्त्रीचे सांधे दुखतात आणि सकाळी आखडतात. फरक पुढे दिसतो. सांधेदुखीबरोबर ताप, तोंडात वारंवार फोड, गालांवर लाली, उन्हात गेल्यावर पुरळ, केस गळणे, पायावर सूज यांपैकी काही असेल तर ल्युपसचा विचार करावा लागतो. आज त्यासाठी एएनए ही रक्ततपासणी करतात. ती नुसती पॉझिटिव्ह आली म्हणजे ल्युपस झाला असे होत नाही, कारण निरोगी माणसातही ती कधी कधी पॉझिटिव्ह येते. लक्षणे, लघवीची तपासणी आणि इतर रक्ततपासण्या एकत्र पाहून निदान होते.

फ्लॅनरीच्या वेळी एएनए नव्हती. १९४८ मध्ये मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी ल्युपसच्या पेशंटमध्ये एका विशिष्ट प्रकारच्या पेशी शोधल्या होत्या. त्यांना एलई पेशी म्हणतात. या शोधामुळे निदानाला पहिल्यांदा प्रयोगशाळेचा आधार मिळाला. फ्लॅनरीला अटलांटातल्या एमरी विद्यापीठाच्या रुग्णालयात डॉ. आर्थर मेरिल यांच्याकडे नेण्यात आले. त्यांनी निदान केले: ल्युपस. दहा वर्षांपूर्वी वडिलांना नेणारा आजार आता मुलीला झाला होता.

नवे औषध आणि त्याची किंमत

वडिलांच्या आणि मुलीच्या आजारात मात्र एक मोठा फरक होता. १९४८-४९ मध्ये कॉर्टिसोन आणि एसीटीएच ही औषधे सांधेदुखीच्या पेशंटवर वापरली गेली आणि त्यांचा परिणाम थक्क करणारा होता. या कामासाठी हेन्च, केन्डल आणि राइखश्टाइन यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. फ्लॅनरी आजारी पडली ती नेमकी त्याच डिसेंबरमध्ये.

तिला एसीटीएचची इंजेक्शने सुरू झाली. हे संप्रेरक तेव्हा डुकरांच्या मेंदूखालच्या ग्रंथीतून काढत. ते आपल्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथींना जास्त स्टेरॉइड तयार करायला लावते. ताप उतरला, सांधे सैल झाले. त्याबरोबर दुष्परिणामही आले. चेहरा सुजून गोल झाला. आजारामुळे आणि तापामुळे केस गळाले. रक्त द्यावे लागले. जेवणातले मीठ बंद झाले, कारण हे औषध शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवते. पुढे ती स्वतःच स्वतःला इंजेक्शन द्यायला शिकली. १९५५ च्या सुमारास स्टेरॉइडच्या गोळ्या मिळू लागल्या आणि इंजेक्शनांचा त्रास कमी झाला.

आरशात गोल झालेला चेहरा दिसला की अनेक तरुण पेशंट स्टेरॉइड आपल्या मनाने बंद करतात. असे करू नका. बाहेरून स्टेरॉइड मिळत असल्यामुळे शरीराने स्वतःचे स्टेरॉइड बनवणे कमी केलेले असते. गोळी अचानक थांबली तर रक्तदाब घसरतो, उलट्या होतात, जीवावर बेतू शकते. डोस हळूहळू कमी केल्यावर चेहरा बहुधा पूर्ववत होतो. तो कधी आणि किती कमी करायचा, हे डॉक्टरांना ठरवू द्या.

आईने लपवलेले नाव

डॉ. मेरिल यांनी निदान फ्लॅनरीच्या आईला सांगितले. रेजिना यांनी पतीला याच आजाराने जाताना पाहिले होते. मुलीलाही त्या मरणाची आठवण होती. हे नाव ऐकून ती खचेल, अशी त्यांना भीती वाटली. म्हणून फ्लॅनरीला सांगण्यात आले की तिला आमवात आहे.

सुमारे दीड वर्ष ती याच समजुतीत राहिली. आपण थोडे बरे झालो की पुन्हा उत्तरेला जाऊ, असा तिचा बेत होता. रुग्णालयातून सुटल्यावर तिला जिने चढता येत नव्हते, म्हणून मायलेकी मिलेजव्हिलबाहेरच्या अँडलूझिया नावाच्या शेतघरात राहायला गेल्या. तिथे गाईगुरे होती आणि दुधाचा व्यवसाय रेजिना स्वतः सांभाळत. फ्लॅनरीची खोली तळमजल्यावर होती. तिच्या दृष्टीने ही तात्पुरती सोय होती.

१९५२ च्या उन्हाळ्यात ती फिट्झगेराल्ड कुटुंबाकडे गेली. सॅलीला खरे माहीत होते. गाडीतून जाताना फ्लॅनरीने आपल्या आमवाताचा विषय काढला, तेव्हा सॅलीने तिला सांगितले की हा ल्युपस आहे. फ्लॅनरीला धक्का बसला. पण खरे सांगितल्याबद्दल तिने मैत्रिणीचे आभार मानले. काहीतरी वेगळे आहे अशी शंका तिला आधीपासून येत होती. नाव माहीत नसताना ती शंका तिला एकटीला सांभाळावी लागत होती.

त्यानंतर तिने बेत बदलला. सामान मिलेजव्हिलला मागवून घेतले आणि आता आपल्याला इथेच राहायचे आहे हे धरून आयुष्याची आखणी केली. त्याच वर्षी तिने पहिली मोराची जोडी मागवली.

रेजिना यांना दोष देणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. त्यांनी जे केले ते मायेपोटी. आजही अनेक घरांत हेच होते. डॉक्टर, तिच्यासमोर नाव घेऊ नका, असे दाराआड सांगणारे वडील, नवरा, भाऊ भेटतात. त्यांची काळजी खरी असते. पण ल्युपस हा चार दिवसांचा ताप नाही. यात पेशंटला रोज स्वतःकडे लक्ष द्यायचे असते: उन्हापासून जपायचे, गोळी चुकवायची नाही, लघवी तपासायची, सूज दिसली की सांगायचे, गरोदरपणाचे नियोजन डॉक्टरांना विचारून करायचे. ज्या आजाराचे नावच माहीत नाही त्याची अशी राखण कोण करणार? साधी सांधेदुखी आहे असे समजणारी मुलगी बरे वाटताच गोळ्या बंद करते. म्हणून सांगावे. एकदम सगळे नाही, घाबरवून नाही, पण खरे सांगावे. शक्यतो डॉक्टरांसमोर, उपचार काय आहेत हेही त्याच वेळी सांगून.

नेमाची सकाळ

नाव कळल्यानंतर फ्लॅनरी बारा वर्षे जगली. तिचा दिनक्रम साधा होता. सकाळी चर्चमध्ये प्रार्थना, मग दोन-तीन तास लेखन. तेवढीच ताकद असायची, म्हणून ती वेळ ती कशालाही देत नसे. दुपारी विश्रांती, पाहुणे, पत्रे आणि मोर. मोरांची संख्या वाढत वाढत चाळीसच्या आसपास गेली.

१९५२ मध्ये तिची पहिली कादंबरी आली, १९५५ मध्ये पहिला कथासंग्रह, १९६० मध्ये दुसरी कादंबरी. तब्येत बरी असली की ती महाविद्यालयांत व्याख्यानांना जायची. १९५८ मध्ये आईबरोबर युरोपला जाऊन तिने लूर्द आणि रोमचे दर्शन घेतले.

ल्युपसमधला थकवा बाहेरून दिसत नाही. घरच्यांना तो आळस वाटतो. फ्लॅनरीने ताकदीचा हिशेब मांडला आणि सर्वांत महत्त्वाचे काम सकाळी, अंगात जोर असताना केले. ही युक्ती कोणत्याही पेशंटला वापरता येते. घरच्यांनी त्या दोन तासांत तिला इतर कामे सांगू नयेत, एवढी मदतही मोठी असते.

खुबा आणि कुबड्या

१९५४ च्या सुमारास ती लंगडू लागली. खुब्याच्या हाडाने दगा दिला होता. १९५५ पासून तिला कुबड्या घ्याव्या लागल्या. खुब्याच्या गोलाला रक्तपुरवठा कमी पडून हाड मरते, त्याला एव्हीएन म्हणतात. ल्युपसच्या पेशंटमध्ये, विशेषतः स्टेरॉइडचे मोठे डोस झालेले असतील तर, हे होऊ शकते.

स्टेरॉइड चालू असताना जांघेत किंवा मांडीत दुखू लागले, मांडी घालून बसता येईना, लंगडणे सुरू झाले, तर ते नेहमीचेच सांध्यांचे दुखणे म्हणून सोडू नका. सुरुवातीच्या टप्प्यात साध्या एक्स-रेमध्ये हे दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. आज स्टेरॉइडचा डोस लवकर कमी करण्यावर भर असतो. त्यासाठी हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, मायकोफेनोलेट, अझाथायोप्रिन यांसारख्या औषधांची जोड देतात. हाडांसाठी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वही देतात.

शेवटचे वर्ष

१९६३ च्या अखेरीस फ्लॅनरीला फार अशक्तपणा आला. रक्त कमी झाले होते. तपासणीत गर्भाशयात फायब्रॉइडची गाठ सापडली. फेब्रुवारी १९६४ मध्ये मिलेजव्हिललाच शस्त्रक्रिया झाली. गाठ साधी होती आणि शस्त्रक्रिया यशस्वी झाली. पण त्यानंतर संसर्ग झाला आणि इतकी वर्षे दबलेला ल्युपस पुन्हा उसळला. मूत्रपिंड साथ देईनासे झाले. रक्त चढवले, स्टेरॉइडचे डोस बदलले, अटलांटातल्या रुग्णालयात सुमारे महिनाभर राहावे लागले.

डॉक्टरांनी काम बंद ठेवायला सांगितले होते. ती कागद उशीखाली लपवून ठेवी आणि जमेल तेव्हा कथा दुरुस्त करी. याच महिन्यांत तिने शेवटचा कथासंग्रह पुरा केला. ३ ऑगस्ट १९६४ रोजी मूत्रपिंड निकामी होऊन तिचा मृत्यू झाला. संग्रह पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला. तिच्या सर्व ३१ कथांच्या पुस्तकाला १९७२ मध्ये नॅशनल बुक अवॉर्ड मिळाले.

हे वाचून कोणी शस्त्रक्रियेला घाबरू नये. ल्युपसच्या पेशंटच्या शस्त्रक्रिया आज नियमित होतात. फक्त आजार शक्यतो शांत असताना ती करावी, सर्जन आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना ल्युपस आणि स्टेरॉइडबद्दल आधीच सांगावे, आणि नंतरचे काही आठवडे ताप, लघवी व सूज यांवर लक्ष ठेवावे.

प्रथिने कुठून जातात?

फ्लॅनरीचा शेवट मूत्रपिंडामुळे झाला. मूत्रपिंड ही रक्ताची गाळणी आहे. ल्युपसमुळे या गाळणीला सूज आली की तिची भोके सैल होतात आणि अल्ब्युमिन नावाचे प्रथिन लघवीतून जाते. अल्ब्युमिन रक्तातले पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवते. ते कमी झाले की पाणी बाहेर झिरपते. सकाळी डोळ्यांखाली आणि संध्याकाळी पायांवर सूज दिसते. लघवीला फेस येतो. ही गळती शोधणे सोपे आहे. लघवीच्या साध्या तपासणीत ती दिसते, आणि दिवसाला अर्ध्या ग्रॅमहून जास्त प्रथिन जात असेल तर पुढे बहुधा मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून बायोप्सी करावी लागते.

पण समजा, पाय सुजले आहेत, रक्तातले अल्ब्युमिन ३.५ ग्रॅमच्या खाली, कदाचित २ च्याही खाली गेले आहे, आणि लघवीत प्रथिन जवळजवळ नाहीच. यकृतही ठीक आहे. जेवणही बरे आहे. मग अल्ब्युमिन जाते कुठे?

अशा वेळी आतड्यांचा विचार करावा लागतो. ल्युपसमुळे आतड्याच्या बारीक रक्तवाहिन्यांना सूज येते, त्या झिरपू लागतात. काही पेशंटमध्ये लसिकावाहिन्यांचा निचरा अडतो. त्यामुळे रक्तातली प्रथिने आतड्याच्या पोकळीत उतरतात. यकृत रोज नवे अल्ब्युमिन बनवते, पण गळती त्याहून जास्त झाली की ते कमी पडते. काहींना जुलाब, पोटदुखी, उलट्या होतात. काहींना पोटाची काहीच तक्रार नसते, नुसती सूज असते. पोटात किंवा छातीत पाणीही साठते. क्वचित ल्युपसची सुरुवातच अशी होते.

ही गळती सहज का सापडत नाही? लघवीत गेलेले अल्ब्युमिन जसेच्या तसे दिसते. आतड्यात गेलेले अल्ब्युमिन मात्र अन्नासारखे पचून जाते, म्हणून शौचाच्या साध्या तपासणीत त्याचा पत्ता लागत नाही. १९५९ मध्ये अमेरिकन डॉक्टर रॉबर्ट गॉर्डन यांनी एक युक्ती केली. न पचणारा, किरणोत्सारी खूण लावलेला पदार्थ शिरेतून देऊन तो शौचात किती उतरतो ते त्यांनी मोजले. तेव्हापासून ही गळती मोजता येऊ लागली. आज शौचातले अल्फा-१ अँटीट्रिप्सिन मोजतात. हे रक्तातले प्रथिन आतड्यात सहसा पचत नाही. काही मोठ्या केंद्रांत खूण लावलेल्या अल्ब्युमिनचे स्कॅनही होते.

आपल्याकडे आणखी एक काळजी घ्यावी लागते. आतड्याचा क्षय, जंत, सिलिअॅक, क्रोन्स यांमुळेही अशीच गळती होते. म्हणून बऱ्याचदा दुर्बिणीने आतडे पाहून तुकडा तपासतात. आतड्यात क्षय असताना तो ओळखल्याशिवाय स्टेरॉइडचे मोठे डोस दिले तर क्षय पसरू शकतो. तपासणीला लागणारा वेळ त्यासाठी असतो.

दिलासा देणारी गोष्ट ही की ल्युपसमुळे झालेली ही गळती बहुतेक पेशंटमध्ये स्टेरॉइड आणि त्यासोबतच्या औषधांनी आटोक्यात येते. काही आठवड्यांत अल्ब्युमिन वाढू लागते आणि सूज उतरते. डोस कमी करताना काहींना ती परत येते, म्हणून पाठपुरावा सोडू नये.

नातेवाईक विचारतात, प्रोटीन पावडर देऊ का? अंडी, डाळी, पनीर वाढवू का? पुरेशी प्रथिने जरूर द्या. मूत्रपिंडही खराब असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारा. पण फुटक्या माठात कितीही पाणी ओतले तरी तो भरत नाही. आधी भोक बुजवावे लागते, म्हणजे ल्युपस शांत करावा लागतो. शिरेतून दिलेल्या अल्ब्युमिनच्या महागड्या बाटल्यांचेही तसेच आहे. गंभीर अवस्थेत त्यांची तात्पुरती मदत होते, उपचाराची जागा त्या घेत नाहीत.

पेशंट आणि घरच्यांनी काय लक्षात ठेवावे?

• आपल्या आजाराचे नाव, चालू औषधे आणि डोस एका कागदावर लिहून जवळ ठेवा.

• काही त्रास नसला तरी डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने लघवी, रक्तदाब आणि क्रिएटिनिन तपासा. मूत्रपिंडाचा त्रास सुरुवातीला दुखत नाही.

• सूज आली तर मीठ कमी करा, रोज सकाळी वजन लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. नुसती लघवी जास्त होण्याची गोळी आपल्या मनाने घेऊ नका.

• अल्ब्युमिन कमी आणि लघवीत प्रथिन नाही असा रिपोर्ट असेल तर आतड्यांबद्दल विचारा. जुलाब नसले तरी विचारा.

• एकाच पायाला अचानक सूज आणि दुखणे, छातीत दुखणे, दम लागणे: ताबडतोब रुग्णालयात जा. प्रथिने कमी झाल्यावर रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो.

• ताप आला, पोट खूप दुखू लागले, शौच काळे किंवा रक्ताचे झाले, लघवी कमी झाली तर त्याच दिवशी दाखवा.

• स्टेरॉइड अचानक थांबवू नका.

फ्लॅनरीच्या वडिलांना औषध मिळाले नाही. तिला ते मिळाले आणि तिने त्यातून बारा-तेरा वर्षे लेखन करून घेतले. आज आपल्याकडे तिच्यापेक्षा चांगली औषधे आहेत, मूत्रपिंडाची आणि आतड्यांची गळती मोजता येते, डायलिसिस आणि प्रत्यारोपणही आहे. पण सुजलेला पाय सर्वांत आधी दिसतो तो पेशंटला आणि घरच्यांना. त्या सुजेचा अर्थ काय असू शकतो हे पेशंटला माहीत असेल तर ती वेळेवर येते. त्यासाठी आजाराचे नाव तिच्यापासून लपवू नका.